बर्फात मुलगा पाहण्याचा कार्यक्रम

“श्वास सोडू नकोस,” करंदीकरकाका माझ्या कानाशी कुजबुजले. “वाफेनं काच धुरकटते.”

मी श्वास रोखून धरला. दुर्बिणीच्या गोलात समोरच्या डोंगराचा एक उतार अडकला होता. करड्या खडकांच्या ओळी, त्यांच्या कुशीत साचलेला निळसर बर्फ, आणि एवढ्या पसाऱ्यात जिवंत म्हणावे असे काहीही नाही. लडाखमधल्या त्या राष्ट्रीय उद्यानात आल्यापासून आम्ही रोज सकाळी हाच डोंगर पाहत होतो. तो इतका उदासीन होता की त्याच्याकडे पाहता पाहता आपल्याच असण्याविषयी शंका यावी.

“काही?”

मी मानेनेच नाही म्हटले. बोलायचे म्हणजे श्वास सोडावा लागला असता.

“नजर तयार नाही तुझी. साहेब तिथंच आहेत, मला जाणवतंय. हो बाजूला.”

साहेब म्हणजे हिमबिबट्या. काकांच्या मित्रमंडळात प्राणी प्रत्यक्ष दिसेपर्यंत त्याचे नाव उच्चारायचे नाही, असा दंडक होता. वाघाला ‘मालक’ म्हणायचे, अस्वलाला ‘बुवा’ आणि हिमबिबट्याला ‘साहेब’. डोक्यावर कुणीतरी साहेब असल्याखेरीज आमच्याकडच्या माणसाला सुखाची झोप लागत नाही. निवृत्तीनंतर त्याला तो डोंगरात जाऊन शोधावा लागतो. काका दातांचे डॉक्टर होते. उभे आयुष्य लोकांना ‘आ’ करायला लावण्यात गेल्यामुळे त्यांची अशी धारणा झाली होती, की समोरच्याने तोंड उघडायचे ते आपण सांगू तेव्हा, आणि उघडल्यावर बोलायचे मात्र नाही. माझे त्यांच्याशी बरे जमेल असे सगळ्यांना वाटे, ते त्यामुळेच.

मी तिथे हिमबिबट्या पाहायला गेलो नव्हतो. मला पाहायला नेले होते.

इरावती ही काकांची एकुलती मुलगी. आमच्या महाविद्यालयात ती वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि मी भूगोल. दोन वर्गांमधल्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही एकमेकांना इतके दिवस नुसते ओलांडत राहिलो, की अखेरीस एके दुपारी तीच थांबली आणि म्हणाली, “शार्दूल, तुम्ही बोलणार आहात, की मीच विचारू?” तिनेच विचारले. उरला होता तो काकांचा होकार. इतर घरांत मुलगा पाहतात तो दिवाणखान्यात, पोह्यांच्या बशीआडून. काकांचे म्हणणे, पोह्यांवरून माणूस कळत नाही. रानात नेला की दोन दिवसांत कळतो. माझ्याआधी एका इंजिनियर मुलाला त्यांनी ताडोबाला नेले होते. बांबूच्या बेटातून वाघीण बाहेर पाऊल टाकणार, तेवढ्यात तो शिंकला. त्याच दुपारी त्याला चंद्रपूरच्या स्टेशनवर सोडण्यात आले.

ही हकिकत मला नलूमावशींनी सांगितली. इरावतीची आई गेल्यापासून तिच्या या धाकट्या बहिणीनेच ते घर सांभाळले होते, आणि दौऱ्यावरही त्या स्वयंपाकघर सोबत घेऊन येत. “सर्दी-बिर्दी नाही ना तुला?” असे त्यांनी पापड भाजता भाजता मला अगदी गंभीरपणे विचारले होते.

मी हसलो नाही. मला इरावती हवी होती. आयुष्यात मी स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट होती. तिच्यासाठी श्वास रोखणे म्हणजे काही फार नव्हते.

आम्ही उतरलो होतो ते पाल्मो नावाच्या विधवेच्या घरी, उद्यानाच्या हद्दीतल्या एका लहानशा वस्तीत. वस्ती म्हणजे उतारावर चिकटलेली काही पांढरी घरे, पानझडीने काठ्या झालेले पॉपलर, आणि गोठून गप्प झालेला ओढा. पाल्मोचा भाचा स्तान्झिन हा आमचा वाटाड्या. तो कामात हुशार होता, आणि त्याहून हुशार पाहुण्यांना ओळखण्यात. काकांनी एखादा खडक दाखवून “तिथं काहीतरी हललं” म्हटले, की तो गंभीर चेहऱ्याने म्हणे, “सर की आँख बहुत तेज है.” मग आम्ही सगळे त्या खडकाकडे दुपारपर्यंत पाहत बसू.

पाल्मो असले काही करीत नसे. ती बुटकी, रुंद, सुरकुतलेली बाई होती आणि आमच्याकडे तिचे पाहणे, बाजारात भलत्याच भावाची वस्तू पाहावी तसे असे. एका संध्याकाळी काकांनी चुलीशी पाय पसरून फर्मान सोडले, “स्तान्झिन, आमा-ले को पूछो, साहेब शेवटचे... आखरी बार कब दिखे?”

आमा-ले म्हणजे आई, तिकडची आदराची हाक. पाल्मोने भांडे घासता घासता काहीतरी उत्तर दिले. स्तान्झिन नुसता हसला.

“क्या बोली?”

“कुछ नहीं सर.”

“अरे, बोलो ना.”

“बोलती है, आप लोग उसको ढूँढते हो, वो हमारी बकरी ढूँढता है. दोनों को दूसरा काम नहीं है.”

नलूमावशी एवढ्या मोठ्याने हसल्या की त्यांच्या हातातला मेतकुटाचा डबा लवंडला. काकाही हसले, पण उशिरा. आपल्यावरचा विनोद समजायला मोठ्या माणसांना वेळ लागतो. मग त्यांनी निसर्गावर बोलायला सुरुवात केली. निसर्गापुढे माणसाने नम्र असले पाहिजे, हे ते ज्या आवाजात सांगत, त्या आवाजापुढे निसर्गालाही नम्र होण्यावाचून गत्यंतर नसे. बोलता बोलता त्यांचे लक्ष माझ्या ताटाकडे गेले.

“हा बघा, अजून पहिला भात चिवडतोय. शार्दूल! आईबापांनी नाव ठेवताना काय पाहिलं होतं कोण जाणे.”

“असू द्या हो भावोजी,” मावशी म्हणाल्या. “थंडीनं भूक मरते. वाघाचं नाव आणि सशाचं खाणं, असतं एकेकाचं.”

“ससा परवडला, नलू. ससा निदान चपळ असतो. आज तिपाई उघडायला किती वेळ लावला यानं! तेवढ्यात साहेब येऊन, जेवून, हात धुऊन गेले असते.”

मी खाली पाहून भात संपवला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. थोड्या वेळाने मी छपरावर जाऊन उभा राहिलो. मावळतीचा उजेड शिखरांवरून ओसरत होता, आणि तो ओसरताना डोंगर आत कुठेतरी खोल जाऊन बसत आहेत असे वाटत होते. मागून इरावती आली. तिच्या हातात वाफाळता पेला होता.

“साखर जास्त घातलीय,” ती म्हणाली. “पी.”

मी पेला घेतला, तेव्हा तिने माझे दोन्ही हात पेल्यासकट आपल्या हातांत धरले. तिचे तळवे नेहमी उबदार असत.

“लागलं ना?”

“नाही.”

“लागलंय. पण थोडंच राहिलंय रे. बाबांना एकदा तो दिसला की ते नुसते वितळतात. मी सांगतेय ना. त्यांच्या मनासारखं होऊ दे, मग आपल्या मनासारखं होतं.”

“नेहमी?”

“नेहमी,” ती हसून म्हणाली. “आई गेल्यापासून मी तेच तर करत आलेय.”

तिचा आवाज इतका शांत होता, की चहा संपेपर्यंत मला ताटावरचा अपमान आठवेनासा झाला. त्या क्षणी मी जगातला सर्वांत भाग्यवान माणूस होतो, आणि तसे मला आजही वाटले असते, जर दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली नसती.

सकाळी आम्हांला जाग आली ती पाल्मोच्या ओरडण्याने. ती गल्लीच्या टोकाशी, आपल्या मेंढ्यांच्या कोंडवाड्यापुढे उभी होती. कोंडवाडा म्हणजे दगडांची ठेंगणी खोली. छताला एक झरोका, आणि पुढे फळ्यांचे दार, ज्याला बाहेरून पॉपलरच्या ओंडक्याचा अडसर. स्तान्झिनने फळ्यांच्या फटीला डोळा लावला, आणि मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा पार बदलला होता.

“सर,” तो म्हणाला, “अंदर है.”

बिबट्या झरोक्यातून आत उतरला होता. आतली मेंढरे त्याने एकामागून एक मारली होती, आणि आता भरल्या पोटाने त्याला पुन्हा झरोक्यापर्यंत उडी झेपत नव्हती. वस्तीतली पुरुषमाणसे गोम्पातल्या, म्हणजे मठातल्या, उत्सवाला गेलेली. एरवी अशा वेळी काय करतात, ते स्तान्झिनने सांगितले: दार उघडायचे, सगळ्यांनी बाजूला व्हायचे, मागच्या अंगाने डबे बडवायचे. जनावर आपली वाट धरते. आता कुणी त्याला मारत नाही. पाल्मोला तेच हवे होते, आणि ताबडतोब हवे होते. कारण आतून एक आवाज येत होता. बारीक, चिरका, थांबून थांबून येणारा. तिची गाभण शेळी चाऱ्याच्या कोनाड्यात चढून बसली होती आणि अजून जिवंत होती.

पाल्मोने अडसराला हात घातला.

“रुको!” काका ओरडले.

मी त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहिले. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात ते तोफेएवढे भिंग, अंगात उलटे चढवलेले जाकीट. त्यांनी दाराकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि मग समोरच्या डोंगरावरून सावकाश खाली उतरणाऱ्या उन्हाच्या रेषेकडे पाहिले.

“ऊन इथवर यायला थोडा वेळ आहे,” ते म्हणाले. “आत्ता उघडलं तर सावलीतून निघून जाईल. सावलीतला फोटो म्हणजे पोस्टाचं तिकीट. स्तान्झिन, बोलो उसको, थोडा रुकने का.”

“सर, बकरी...”

“बकरी निसर्गाचा भाग आहे. आपण हस्तक्षेप करायचा नसतो.”

दाराला बाहेरून अडसर घालून निसर्गात हस्तक्षेप न करण्याची ही रीत मी तोवर कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. स्तान्झिनने काकांकडे पाहिले, मावशीकडे पाहिले (स्वतःच्या, म्हणजे पाल्मोकडे) आणि बर्फात पाहिले. काकांचे मित्रमंडळ दर हिवाळ्यात येणारे होते. तो पाल्मोशी हळू आवाजात काहीतरी बोलला. तिने त्याच्या अंगावर फावडे उगारले.

“अहो भावोजी, उघडा की,” नलूमावशी घराच्या दारातून म्हणाल्या. “ती बाई रडतेय.”

“नलू, तू आत जा. शार्दूल!”

“हं, काका.”

“तू दाराशी उभा राहा. अडसराला हात लावून. मी समोरून फोटो घेणार. मी उजवा हात वर धरतो. तो खाली आला, की अडसर काढायचा आणि भिंतीला चिकटायचं. त्याआधी नाही. जमेल? आज बघू, तुझ्यात काय आहे ते.”

मी अडसराला हात लावून उभा राहिलो. आजवर माझ्यावर सोपवले गेलेले ते सर्वांत मोठे काम होते, आणि त्यात करायचे काहीच नव्हते. फक्त न करणे होते. ते मला चांगले येत असे.

फळीच्या फटीतून मला आतले दिसत होते. अंधार, लोकरीचे ढीग, आणि त्या ढिगांवरून वळत गेलेली एक लांब, जाड शेपटी, धुराची बट वाऱ्यावाचून जशी पडून राहावी तशी. मग शेपटीचे टोक हलले. आतून एक उग्र, उष्ण वास आला. साहेब माझ्यापासून हातभरावर होते आणि काकांआधी ते मला दिसले होते. पण बोलण्याची परवानगी नव्हती. शेळी पुन्हा ओरडली. या वेळी तिच्या आवाजासोबत आत काहीतरी उठून बसल्याचा आवाज झाला.

मी काकांकडे पाहिले. त्यांचा हात वर होता. ऊन समोरच्या घराच्या भिंतीवर आले होते आणि तिथेच रेंगाळत होते.

पाल्मो पुन्हा दाराकडे झेपावली. या खेपेस तिला कुणी ओरडले नाही. इरावती पुढे झाली. तिने पाल्मोच्या खांद्याभोवती हात टाकला, तिला हलकेच वळवले, आणि आपली शाल तिच्या अंगावर पांघरून तिला एका दगडावर बसवले. थर्मासातून पेल्यात चहा ओतला. मग पाल्मोचे ते काळे, भेगाळलेले हात पेल्यासकट आपल्या हातांत धरून ती तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

“आमा-ले,” ती म्हणाली, “मुझे मालूम है. बहुत लगता है ना? बस, थोड़ा-सा. मैं बोल रही हूँ ना.”

तिचा आवाज कालच्याइतकाच शांत होता, आणि कालच्याइतकाच खरा. पाल्मोचे खांदे सैलावले. तिने चहाचा घोट घेतला. इरावतीने वळून आपल्या वडिलांकडे पाहिले आणि किंचित मान हलवली: घ्या वेळ, मी आहे.

मी ते पाहिले. साखर जास्त घातली असणार, असे माझ्या मनात आले.

आत शेळी ओरडायची थांबली.

मी अडसर उचलला.

तो वाटला होता त्याहून हलका निघाला. दार आपल्याच भाराने बाहेर झुकले. क्षणभर काहीच झाले नाही. मग दाराच्या काळोखातून एक डोके बाहेर आले, रुंद, फिकट, हनुवटीवर गोठलेले रक्त. मागोमाग ते लांबलचक शरीर, बर्फ आणि राख एकत्र मळून केल्यासारखे, आणि ते माझ्या गुडघ्याला जवळजवळ घासत गेले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. काकांकडे, त्यांच्या तोफेकडे, मुठी आवळून उभ्या राहिलेल्या स्तान्झिनकडे, कुणाकडेच पाहिले नाही. एवढ्या लांबून, एवढ्या नम्रतेने आलेल्या आम्हां साऱ्यांची त्याने काडीइतकीही दखल घेतली नव्हती. तो ओढ्यापर्यंत चालत गेला, पलीकडच्या दरडीवर दोन झेपांत चढला, आणि तिथे दगड झाला. पुन्हा हलला तेव्हाच कळले, की तो दगड नव्हता. मग तोही दिसेना.

कॅमेऱ्याचा कडकडाट थांबला, तेव्हा काकांचा उजवा हात कॅमेऱ्यावर होता.

“गाढवा!” ते ओरडले. “मी हात खाली केला होता? केला होता मी हात खाली?”

मी भिंतीला चिकटून उभा होतो. उत्तर द्यायला तोंड उघडले, पण तेवढ्यात पाल्मोने मला दोन्ही हातांनी बाजूला ढकलले आणि ती आत शिरली. थोड्या वेळाने शेळी बाहेर आली. तिचा एक कान फाटला होता आणि पाय लटपटत होते. तिने दारापुढे सांडलेला सुका चारा हुंगला आणि खायला सुरुवात केली. पाठोपाठ पाल्मो आली आणि तिने माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

“इतना देर क्यों?” ती म्हणाली.



 इकडे काका कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोके खुपसून उभे होते. मग त्यांनी अगदी वेगळ्याच, हळव्या आवाजात हाक मारली, “नलू... नलू, इकडे ये. इरा, बघ. अगं बघ हे.”

फोटो अप्रतिम होता. मी तो नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे आणि आजही तेच म्हणेन. निळ्या, थंड सावलीत तो प्राणी दारातून बाहेर पडत होता, आणि सावलीमुळेच त्याच्या डोळ्यांतला फिका उजेड तेवढा जिवंत दिसत होता. ऊन असते तर त्यातले काही उरले नसते.

“सावलीच हवी होती,” काका म्हणाले. “मी म्हटलं होतं ना? उन्हात सगळं सपाट झालं असतं.”

“केव्हा म्हटलं होतं?” नलूमावशींनी विचारले.

“नलू, तुला यातलं कळत नाही. ही इथं बाही आलीय शार्दूलची. ती कापली की झालं.” त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते. “काय क्षण साधला! मी नेमका हात खाली आणला, आणि यानं नेमका अडसर काढला. पोरगं तयार आहे हो!”

“भावोजी, आत्ता तर तुम्ही त्याला...”

“हो बाबा,” इरावती म्हणाली. “मी पाहिलं. तुम्ही हात खाली आणलात.”

आणि तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात धाक नव्हता, विनवणीही नव्हती. नदी ओलांडताना पुढे गेलेल्या माणसाने मागच्याला पाय ठेवायचा दगड दाखवावा, तशी ती मला दाखवीत होती: इथे ठेव. झाले.

“काय शार्दूल?” काकांनी विचारले.

मी काहीच बोललो नाही. माझे गप्प राहणे लोकांना नेहमीच होकारासारखे ऐकू येते. काकांना ते तसेच ऐकू आले. त्यांनी माझी पाठ थोपटली. “पास!” ते म्हणाले. “इरा, वैशाखातला मुहूर्त बघायला हरकत नाही. स्तान्झिन, गाडी भर. आता इथं कशाला थांबायचं?”

ज्यासाठी मी तो डोंगर इतके दिवस पाहिला होता, ते मला मिळाले होते. बदल्यात शब्दसुद्धा द्यावा लागला नव्हता.

ते सगळे सामान बांधायला घरात गेले. पाल्मो एकटीच कोंडवाड्यातून एक मेंढी ओढून काढण्याची खटपट करीत होती. मी आत गेलो आणि मेंढीचे मागचे पाय धरले. लोकर अजून उबदार होती. आम्ही ती बाहेर आणून बर्फावर ठेवली. पाल्मोने कमरेची सुरी काढली, मांस वाया घालवणे तिला परवडणारे नव्हते, आणि मला खुणेने सांगितले, की पाय ताणून धर. मी धरले. अशा कामात बोलावे लागत नाही, आणि हात मोकळे नसतात.

खाली जीप सुरू झाली. इरावती गल्लीतून वर आली. तिने केस नीट केले होते आणि ती प्रसन्न दिसत होती.

“चल ना,” ती म्हणाली. “बाबा पुढच्या सीटवर बसलेत, पुण्याला फोन लागतोय का बघतायत. सगळ्यांना सांगायचंय त्यांना. तुझंही नाव सांगतील बघ.”

“हात खाली आला नव्हता, इरावती.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मग काय?” तिला खरेच आश्चर्य वाटले होते. “त्यांना बरं वाटलं. ही बाई शांत झाली. शेळी वाचली. आपलंही काम झालं. कुणाचं काय बिघडलं, सांग? इतकं सोपं आहे, शार्दूल. आयुष्यभर एवढंच तर करायचंय.”

पाल्मोने सुरी थांबवली आणि वर पाहिले. “पकड़ो,” ती म्हणाली. मी पकड घट्ट केली.

“चल,” इरावती पुन्हा म्हणाली.

“नाही.”

“बरं, हात धुऊन ये. मी थांबवते गाडी.”

“नाही, इरावती. मी येत नाही.”

आता तिला समजले.  समजूत घालायला ती जवळ येईल, माझे हात हातांत घेईल, आणि मी पुन्हा सगळे विसरेन, अशी मला भीती वाटत होती. पण माझ्या हातांना रक्त लागलेले होते. ती जवळ आली नाही. जीपचा भोंगा वाजला. तिने एकदा खाली पाहिले, एकदा माझ्याकडे. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा कापरा झाला.

“बाबांना काय सांगू?”

“काहीही सांग,” मी म्हणालो. “तुला येतं.”

जीप वळणाआड जाईपर्यंत पाल्मोने दुसरी मेंढी दारापर्यंत ओढून आणली होती.